विद्यापीठातला मधला अधिकारी: विद्यार्थ्याचं काम कुणाच्या टेबलावर अडतं आणि कुणाच्या टेबलावर सुटतं

विद्यापीठात काम अडलं की आपल्याला दोनच माणसं आठवतात. खिडकीवरचा लिपिक आणि थेट कुलगुरू. लिपिकाशी वाद होतो, कुलगुरूंना निवेदन दिलं जातं. अर्ज मात्र बहुतेक वेळा या दोघांच्या मधल्या एका टेबलावर असतो. तिथे बसणाऱ्यांना कुठे सहायक कुलसचिव म्हणतात, कुठे कक्षाधिकारी, कुठे अधीक्षक. पात्रता विभाग, शिष्यवृत्ती विभाग, वसतिगृह, विद्यार्थी विकास मंडळ, परीक्षा विभाग यांपैकी कुठेही त्यांची नेमणूक असते. हाताखाली मोजके कर्मचारी, त्यातले बरेचसे कंत्राटी. वर उपकुलसचिव, संचालक, कुलसचिव. आणि समोर गावाकडून सकाळची एसटी पकडून आलेला विद्यार्थी, ज्याला संध्याकाळच्या गाडीने परत जायचं असतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, संचालक यांची कर्तव्यं लिहिलेली आहेत. मधल्या अधिकाऱ्याचं काम मात्र परिपत्रकांत, कार्यालयीन आदेशांत आणि वर्षानुवर्षांच्या प्रथेत विखुरलेलं आहे. अमेरिकेत विद्यार्थी सेवा या कामाची वेगळी पदव्युत्तर पदवी मिळते. आपल्याकडे सहायक कुलसचिवाला ५५ टक्के गुणांची कोणत्याही विषयातली पदव्युत्तर पदवी चालते. बाकीचं टेबलावर बसून शिकायचं.

हे काम समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. या अधिकाऱ्यांच्या हातात निर्णय फार थोडे असतात. फी माफ करणं, निकाल बदलणं, प्रवेश देणं, कुणाला काढून टाकणं यातलं काहीही ते स्वतः करू शकत नाहीत. त्यांच्या हातात असतो तो वेळ. कागद आज पुढे जाणार की पुढच्या आठवड्यात, एका फेरीत जाणार की त्रुटी काढत चार फेऱ्यांत, हे तेच ठरवतात. विद्यार्थ्याच्या बाबतीत उशिरा मिळालेला होकार अनेकदा नकाराइतकाच असतो. दुसरीकडच्या प्रवेशाची तारीख निघून गेल्यावर हातात आलेल्या प्रमाणपत्राचं करायचं काय?

एक गाठ, चार खिडक्या

समजा, नांदेडच्या एका कॉलेजातून बी.एस्सी. झालेली मुलगी पुण्यात एम.एस्सी.ला आली. विद्यापीठ बदललं म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आलं. ते दिलं की पात्रता, म्हणजे प्रवेशाला नव्या विद्यापीठाची मान्यता, कायम होते, तोवर प्रवेश तात्पुरता. तिचं प्रमाणपत्र तिकडे अडलेलं आहे, कारण बारावीच्या आणि पदवीच्या गुणपत्रकावर नावाचं स्पेलिंग वेगळं पडलंय. दरम्यान तिने पहिल्या सत्राची परीक्षा दिली. पात्रता प्रलंबित, म्हणून निकाल राखीव. निकाल नाही, म्हणून शिष्यवृत्तीच्या अर्जात मागच्या परीक्षेचे गुण भरता येईनात. शिष्यवृत्ती नाही, म्हणून वसतिगृहाची फी थकली. फी थकली, म्हणून पुढच्या वर्षाच्या खोलीसाठी लागणारा ना-देय दाखला मिळेना.

आता ती चार खिडक्यांवर फिरते. चारही ठिकाणी तिला जे सांगितलं जातं ते नियमाने बरोबरच असतं. परीक्षा विभाग म्हणतो, पात्रता आणा. पात्रता विभाग म्हणतो, स्थलांतर प्रमाणपत्र आणा. शिष्यवृत्तीवाले निकाल मागतात, वसतिगृहवाले पैसे. प्रत्येक खिडकीला आपल्यापुरता तुकडा दिसतो. अख्खी गोष्ट फक्त त्या मुलीला माहीत असते, आणि ती कार्यालयाच्या भाषेत मांडणं तिला येत नाही.

चांगल्या मधल्या अधिकाऱ्याचं काम इथे सुरू होतं. तो तिला बसवून घेतो, सगळे कागद ओळीने लावतो आणि गाठ मुळात कुठे बसली आहे ते शोधतो. इथे ती एका स्पेलिंगमध्ये आहे. मग एकाच दिवशी चार कागद निघू शकतात. नांदेडच्या विद्यापीठातल्या आपल्यासारख्याच पदावरच्या सहकाऱ्याला पत्र आणि मागोमाग फोन. पात्रतेसाठी मुदत वाढवून मागणारा, मुलीच्या हमीपत्रासह प्रस्ताव. तो मंजूर होईल या अपेक्षेने राखीव निकाल खुला करण्याची शिफारस. वसतिगृहाला फी भरण्यासाठी सवलतीचं पत्र. यातल्या एकाही गोष्टीचा अंतिम अधिकार त्याच्याकडे नाही. तरी चारही गोष्टी हलतात त्या त्याच्यामुळे.

हे हलवण्याचं साधन म्हणजे टिपणी. बाहेरच्या माणसाला हा प्रकार ठाऊक नसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कोणतंही प्रकरण वरिष्ठांकडे जातं तेव्हा नस्तीत (म्हणजे फाइलमध्ये) आधी एक टिपणी लिहिली जाते. प्रकरण काय, नियम काय म्हणतो, यापूर्वी अशा प्रकरणात काय केलं होतं, आणि आता काय करावं असा प्रस्ताव, असे तिचे भाग असतात. वरिष्ठांपुढे रोज नस्त्यांचा ढीग येतो. ज्या टिपणीच्या शेवटी स्पष्ट प्रस्ताव आणि ‘मान्यतेस्तव सादर’ असतं, तिच्यावर सही होते. जिच्यात सगळी हकीगत लिहून शेवटी नुसतं ‘आदेशार्थ सादर’ असतं, ती बहुधा ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येते. तेवढ्यात आठवडा जातो. प्रस्ताव लिहिणं म्हणजे आपलं मत कागदावर नोंदवणं, उद्या लेखापरीक्षणात किंवा कोर्टात त्याचं उत्तर द्यायची तयारी ठेवणं. म्हणून अनेक जण तो टाळतात. माझ्या मते या पदावरच्या माणसाची खरी परीक्षा टिपणीच्या शेवटच्या दोन ओळींत होते.

पैशाचे कागद

शिष्यवृत्तीचे अर्ज आज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता ही त्यातली मोठी नावं. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के शुल्कमाफीही आहे. विद्यार्थी अर्ज भरतो, मग संस्थेच्या पातळीवर तपासणी होते, मग तो संबंधित खात्याकडे जातो. संस्थेच्या पातळीवरचा हा टप्पा मधल्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली असतो. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हजेरी भरली का, हे पाहून अर्ज पुढे पाठवायचा. अडचण अशी की त्रुटी काढून अर्ज परत पाठवला तरी विद्यार्थ्याला ते वेळेत कळतंच असं नाही. शेतावर गेलेल्या, रेंज नसलेल्या, मोबाइल नंबर बदललेल्या मुलाचा अर्ज पोर्टलवर तसाच पडून राहतो आणि मुदत संपते. जो अधिकारी त्रुटी असलेल्यांची यादी काढून कर्मचाऱ्यांकडून फोन करवून घेतो, तो नियमात न लिहिलेलं पण सर्वांत मोलाचं काम करत असतो.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा २०२१-२२ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि फी त्याने संस्थेत भरायची असते. इथे अधिकाऱ्याला दोन्हीकडून सावध राहावं लागतं. संस्थेची थकबाकी वाढू द्यायची नाही, आणि पैसे यायच्या आधी फीसाठी तगादा लावून त्या मुलाला वर्गाबाहेर काढायचं नाही.

फी परताव्याचे नियम सर्वांनी पाठ करावेत असे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर शंभर टक्के फी परत मिळते. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या जास्तीत जास्त ५ टक्के, आणि तेही ५,००० रुपयांच्या आतच, कापता येतं. शेवटच्या तारखेआधी १५ दिवसांपेक्षा कमी राहिले असतील तर ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८०, पुढे तिसाव्या दिवसापर्यंत ५०, आणि त्यानंतर काहीच नाही. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे परत करायचे असतात. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवणं तर पूर्ण मना आहे. हे टप्पे बघितले की लक्षात येतं, एका दिवसाचा फरक हजारो रुपयांचा असतो. म्हणून अर्जावर आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याची नोंद) आणि तारीख त्याच दिवशी पडली पाहिजे, ‘उद्या या’ म्हणायचं नाही, हे पाहणं अधिकाऱ्याचं काम.

तक्रार आली तर

इथे पुष्कळ घोटाळा होतो, कारण सगळ्या तक्रारी एकाच दारातून आत येतात आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा असतो. तक्रारीचा निवाडा करणं मधल्या अधिकाऱ्याचं काम नव्हे. ती योग्य दारापर्यंत, त्याच दिवशी, कुठेही बोभाटा न होऊ देता पोचवणं हे त्याचं काम.

प्रवेश, फी, शिष्यवृत्ती, प्रमाणपत्रं, परीक्षा, भेदभाव यांविषयीच्या तक्रारींसाठी आयोगाचे एप्रिल २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम आहेत. प्रत्येक संस्थेत प्राध्यापकांची तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित हवा. तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीने शिफारशींसह अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर विद्यार्थी १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करू शकतो. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. विद्यापीठात लोकपाल असतो हेच बहुतेक विद्यार्थ्यांना माहीत नाही. ते सांगायचं काम कुणाचं? माझ्या मते, तक्रार घेणाऱ्याचं.

रॅगिंगचं प्रकरण वेगळं. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९९९ मध्येच कायदा केला, देशपातळीवरचे विनियम २००९ मध्ये आले. राज्याच्या कायद्यानुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते, आणि त्यात हयगय केली तर गुन्ह्याला मदत केल्याचं मानलं जातं. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि पाच वर्षं दुसऱ्या संस्थेत प्रवेश मिळत नाही. २००९ च्या विनियमांत तर गुन्हा दिसत असल्यास २४ तासांत पोलिसांकडे जायला सांगितलं आहे. म्हणजे वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या मुलाने शुक्रवारी रात्री काही सांगितलं, तर ते सोमवारपर्यंत ठेवायला जागाच नाही. १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मदत क्रमांक वसतिगृहाच्या भिंतीवर ठळक दिसतोय का, हे पाहणंही याच टेबलाचं काम.

लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडेच जाते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि २०१५ चे आयोगाचे विनियम तिला लागू होतात. तक्रारीसाठी घटनेपासून तीन महिने, चौकशीसाठी ९० दिवस. इथे मधल्या अधिकाऱ्याने एक वाक्य कधीही उच्चारू नये. ते म्हणजे ‘आपसांत मिटवून घ्या’. समेटाचा मार्ग कायद्यात आहे, पण फक्त तक्रारदार मुलीने स्वतः मागितला तर, आणि पैशाच्या देवघेवीवर तो होऊच शकत नाही. तिला तीच हकीगत चार टेबलांवर सांगायला लावणं, पाकीट उघडं ठेवणं, शिपायाहाती पाठवणं, या सगळ्याने पुढच्या दहा मुली गप्प बसतात.

जिथे नियम पुरत नाहीत

रात्री उशिरा वसतिगृहाच्या अधीक्षकांचा फोन येतो. मुलगा दोन दिवस खोलीबाहेर आला नाही, जेवत नाही, काही बोलत नाही. अधिकारी समुपदेशक नसतो आणि त्याने तसं होऊही नये. त्याने करायचं ते एवढंच: मुलाला एकटं न ठेवणं, समुपदेशक किंवा डॉक्टरपर्यंत पोचवणं, घरच्यांना बेताने कळवणं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक कुठल्याही वेळी लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. नंतरचं काम शांतपणे करायचं असतं. बुडालेली हजेरी, हुकलेली परीक्षा, पुढे ढकललेलं प्रात्यक्षिक यासाठी विभागप्रमुखांना जाणाऱ्या पत्रात ‘वैद्यकीय कारण’ एवढंच लिहिलं तरी पुरतं. अधिक लिहिलं की ते विभागातल्या प्रत्येकाच्या तोंडी होतं.

अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे, अडतं ते अंमलबजावणीत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. पण लेखनिकाची मंजुरी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हातात पडली, तर लेखनिक शोधणार कधी आणि त्याच्याबरोबर सराव करणार कधी? परीक्षा अर्जातच ही गरज नोंदवून घेतली आणि मंजुरीपत्र हॉलतिकिटाबरोबर दिलं, तर हा प्रश्न उरत नाही. त्यासाठी कुठलाही नवा ठराव लागत नाही.

आनंदाचं कामही या टेबलावर असतं. पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा आणि शिका’ योजना घ्या. ज्या माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचं ब्रीद ठरवलं, त्यांच्या विचारावर ती चालते. विद्यार्थी रोज ठरावीक तास ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात आणि मानधन घेतात. अधिकाऱ्याकडे हजेरीपत्रक येतं, तो देयक तयार करून वित्त विभागाकडे पाठवतो. रक्कम लहान दिसते. पण त्या मुलाच्या मेसचं बिल त्यावर असतं, म्हणून हे देयक महिना उलटायच्या आत निघालं पाहिजे. इंद्रधनुष्य युवक महोत्सव, आविष्कार संशोधन महोत्सव, आपत्ती व्यवस्थापनाचं आव्हान शिबिर यांना संघ पाठवायचे तर रेल्वेची तिकिटं, मुलींबरोबर महिला संघव्यवस्थापक, विभागांकडून हजेरीची सूट, आगाऊ रक्कम आणि परतल्यावर तिचा हिशेब, हे सगळं त्यातच आलं. मुलं पारितोषिक घेऊन परततात तेव्हा फोटोत हा माणूस सहसा नसतो.

यंत्रणाच कोसळली तर

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याचा निर्णय ऐन परीक्षेच्या तोंडावर घेतला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या. निकाल ४५ दिवसांत लावायचं बंधन कायद्यातच आहे. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या काळात परदेशी प्रवेश मिळालेले, एलएल.एम.ला जायचं असलेले, नोकरीची पत्रं हातात असलेले विद्यार्थी कार्यालयांच्या दारात उभे होते. निर्णय मधल्या अधिकाऱ्यांनी घेतला नव्हता, तो बदलणंही त्यांच्या हातात नव्हतं. अशा वेळी त्यांच्याकडे उरतं ते खरं सांगणं. निकाल कधी लागेल हे ठाऊक नसेल तर खोटी तारीख द्यायची नाही. आधीच्या सत्रांच्या गुणपत्रकांची साक्षांकित प्रत आणि ‘निकाल विद्यापीठाच्या प्रक्रियेमुळे प्रलंबित आहे’ असं सही-शिक्क्याचं पत्र द्यायचं. एखाद्या परदेशी विद्यापीठाला तेवढं पत्रही मुदत वाढवून द्यायला पुरू शकतं.

तुम्ही विद्यार्थी असाल तर

अर्ज एका पानाचा असावा. वर पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक), अभ्यासक्रम आणि चालू मोबाइल नंबर. पहिल्या दोन ओळींत मागणी, मग कारण, मग जोडलेल्या कागदांची यादी. कोणत्या तारखेपर्यंत काम व्हायला हवं आणि ती तारीख का, हे वेगळ्या ओळीत लिहा आणि पुरावा म्हणून प्रवेशपत्राची किंवा परिपत्रकाची प्रत लावा. त्या ओळीमुळे अधिकाऱ्याला टिपणीत ‘तातडीचे’ लिहायला आधार मिळतो. दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. लिपिकाने दोनदा परत पाठवलं तर भांडत बसण्यापेक्षा आत जाऊन ‘सर, कक्षाधिकारी कुठे बसतात?’ किंवा ‘मॅडम, या प्रकरणाची नस्ती कुणाकडे आहे?’ असं विचारा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेल्या सेवांना मुदत आणि अपिलाचे अधिकारी ठरलेले असतात, तेव्हा तुमच्या विद्यापीठाच्या यादीत तुमची सेवा आहे का ते संकेतस्थळावर पाहा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. आणि तुम्ही वसतिगृहात, परगावी किंवा परदेशात असाल, तर काम मित्रावर सोपवताना त्याच्याकडे सही केलेलं प्राधिकारपत्र आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत द्या. नाहीतर कितीही भला अधिकारी असला तरी तो तुमचा कागद दुसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही, आणि त्याने देऊही नये.